मिक्सरला सगळं आठवतं, पदर सोडून

डिसेंबर लागला की नाशकात गॅदरिंगचा सीझन, कालिदास काय नि सायखेडकर काय, रोज कुठल्यातरी शाळेचं स्नेहसंमेलन असतंच, आणि मग मला, साउंडवाल्याला, फोन येतात की हॉलला आता डिजिटल मिक्सर आहे ना, मग तुमचा तो सीन, म्हणजे साठवून ठेवलेलं सेटिंग, लोड करा की, तासभर आधी कशाला यायचंय? तर त्यासाठी हे लिहितोय.

सीन ही गोष्ट भारीच आहे, नाही कोण म्हणतंय. बेहरिंगर एक्स ३२ सारख्या मिक्सरवर गेन (माइकचा आवाज आत किती उचलायचा ते), ईक्यू (जाड-बारीक आवाजाचं सेटिंग), कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा), म्यूट, इफेक्ट सगळं त्यात सेव्ह होतं, लोड केलं की मोटरवाले फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, सरसर आपापल्या जागी जातात आणि मागे उभे असलेले सर लोक "वा!" म्हणतात. पण कॉलर माइकच्या पॅकवर, म्हणजे कमरेला लावायच्या वायरलेस डबीवर, सेन्सिटिव्हिटीचं वेगळं सेटिंग असतं, ते मागच्या पार्टीने फिरवून ठेवलं असेल तर मिक्सरला कळणार कसं? फेडर तिथेच, गेन तोच, आणि आवाज मात्र फाटतोय. म्हणून मी आधी विंगेत जातो, मिक्सरकडे नंतर.

विंगेत खरी मजा असते. मुख्याध्यापिका मॅडम येवल्याची पैठणी नेसून आलेल्या, कुणीतरी हौसेने माइक पदरावरच लावलेला, मग मान वळवली की पैठणीची जर खर्र खर्र वाजते आणि मंगळसूत्र वर टकटक करतं ते वेगळंच. हे ईक्यूने जात नाही हो, कितीही बटणं फिरवा. पदर डाव्या खांद्यावर असतो म्हणून माइक उजवीकडे, ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला, हनुवटीपासून वीतभर खाली. त्याच्याही खाली नेला तर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डीबीने (डेसिबलने) पडतो, ते भरून काढायला गेन वाढवा की स्पीकर शिट्टी मारायला तयारच. मी स्वतः लावत नाही, शाळेतल्याच एखाद्या मॅडमना एकदा दाखवून ठेवतो, "मॅडम, मंगळसूत्र जरा बाजूला घेता का" हे त्या जास्त चांगलं सांगतात.

पॅक कमरेला मागे, अँटेना सरळ लोंबती. अँटेना दुमडून घामेजलेल्या पाठीला चिकटवली की सिग्नल गेलाच समजा, कारण माइकच्या यूएचएफ रेडिओ लहरी अंगातलं पाणी पिऊन टाकतं. नाचणाऱ्या पोरांचं तर हमखास असं होतं.

फ्रिक्वेन्सीचं पण तसंच. लोकांना वाटतं प्रत्येक माइक वेगळ्या आकड्यावर टाकला की झालं. समजा एक ६००.० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ६००.४ वर, तर दोघं मिळून ५९९.६ आणि ६००.८ वर स्वतःचं भूत तयार करतात, आणि आपण छान समान अंतर ठेवायचं म्हणून तिसरा बरोबर ६००.८ वर टाकलेला असतो. समान अंतर ठेवूच नका, माइकचा सिग्नल पकडणाऱ्या रिसिव्हरमध्ये कंपनीने जुळवलेल्या फ्रिक्वेन्सींचे ग्रुप दिलेले असतात ते वापरा. आणि मोकळ्या फ्रिक्वेन्सी शोधायचा स्कॅन एलईडी वॉल (स्टेजमागचा मोठा स्क्रीन) चालू करून घ्या! सकाळी वॉल बंद असताना सगळं स्वच्छ दिसतं, संध्याकाळी वॉल पेटली की तिचा कचरा हवेत पसरतो आणि तीन माइक एकदम खरखरायला लागतात. रिसिव्हर पण मागे कंट्रोल रूममध्ये कोंबू नका, स्टेजजवळ ठेवा, स्टेजबॉक्स (स्टेजवरच्या माइकच्या वायरी खोचायचा डबा) असेल तर आवाज एका नेटवर्क केबलने मागे येतो.

मग राहिला मिक्सर. प्रत्येक बोलण्याच्या माइकवर १०० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालची घरघर कापायला), सगळ्या मुलांचे माइक एका डीसीएवर, म्हणजे सगळे मिळून एकाच फेडरवर, आणि जो बोलत नाही तो बंद. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधीचं मार्जिन ३ डीबीने कमी होतं, आठ पोरांचे आठ माइक उघडे ठेवून "आवाज वाढवा ना" म्हणणाऱ्यांना हे कसं समजवायचं देव जाणे. उन्हाळ्यात गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, व्याख्यानमाला असते तिथे उघड्यावर चालून जातं बरंच, बंद हॉलमध्ये भिंती आवाज परत फेकतात.

निवेदकांना एक विनंती, माइकची जाळी मुठीत धरू नका. स्टाईल असेल, पण जाळी झाकली की माइक सगळीकडून ऐकायला लागतो आणि तो किंचाळला की सगळे मागे वळून माझ्याकडे बघतात. आणि गाणारे काका "जरा ईको टाका" म्हणाले की टाकतो, पण गाणं संपलं की तो इफेक्ट म्यूट करायचा, नाहीतर पुढचे आभारप्रदर्शन विहिरीतून चालू.

शो संपला की सामान गुंडाळायच्या आधी विंगेत धावायचं, पॅक मोजून घ्यायचे. एखादं मावळ्याच्या ड्रेसमधलं पोरगं पॅक कमरेला तसाच ठेवून आईबरोबर पंचवटीच्या रिक्षात बसलेलं असतं.