विकत काही घ्यायचं नसलं तरी

"बाई, कुलाब्याच्या त्या चित्रांच्या गॅलऱ्यांमध्ये आपल्याला आत घेतात का? आपण काही विकत तर घेणार नाही." शाळेत चित्रकला शिकवते आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे वर्ग घेते, त्यामुळे हा प्रश्न मला पालकसभेतही विचारतात आणि भाजीच्या गाडीशीही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

घेतात. तिकीट नसतं. दार बंद दिसतं ते एसीमुळे आणि धुळीमुळे. ढकला, नाहीतर बेल दाबा. टेबलाशी बसलेली मुलगी मान वर करून बघेल आणि पुन्हा तिच्या कामाला लागेल. वहीत नाव लिहायला सांगितलं तर लिहावं. कुठल्या चित्राचं नाव काय, ते कशात केलंय, याचा कागद मागितला की मिळतो. किमतींची यादी वेगळी असते, तीही विचारायला हरकत नाही. काही ठिकाणी चित्राशेजारी लाल टिकली दिसते, म्हणजे ते विकलं गेलं.

पण खरी अडचण दाराची नसते. जहांगीर आर्ट गॅलरीत आपण सहज शिरतो, तिथे कुणाला असा प्रश्न पडत नाही. ती १९५२ पासून आहे, फुटपाथला लागून आहे, आणि तिथली दालनं चित्रकार आठवड्याभरासाठी भाड्याने घेतात. त्यासाठी कित्येक वर्षं रांगेत थांबतात आणि मग स्वतः तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. लहान खाजगी गॅलरी बहुधा जुन्या इमारतीच्या पहिल्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर असते, आणि तिचं गणितही वेगळं. ती मोजक्या चित्रकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करते आणि एकेकाचं प्रदर्शन महिना-दीड महिना ठेवते. चित्रकाराकडून भाडं घेत नाही, काम विकलं गेलं तर साधारण निम्मी रक्कम ठेवते. विकत घेणारे थोडे असतात. मग आपल्यासारख्यांचं तिथे काय काम, असं तुम्हाला वाटतं ना? मला उलट वाटतं. अशी जागा टिकते ती विकत घेणाऱ्यांमुळे, पण तिथे काय दाखवायचं याची हिंमत येते ती बघणाऱ्यांमुळे.

याचं एक उदाहरण सांगते. केकू गांधी यांचा फ्रेमा बनवण्याचा धंदा होता. आपल्या दुकानात ते तरुण चित्रकारांची चित्रं लावत. पुढे १९६३ मध्ये त्यांनी आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. जागा अगदी लहान होती. नव्या चित्रकारांची चित्रं तेव्हा फारशी विकली जात नसत. तरीही त्या खोलीत प्रदर्शनं होत राहिली, आणि खाली जहांगीर बघायला आलेला माणूस जिना चढून वरही डोकवायचा.

१९७५ मध्ये तिथे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं लागली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे हे वारली चित्रकार. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं भिंतीवरचं चित्र, लिहायचा तो सुवासिनींनी, कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. जिव्या म्हसे मात्र लग्नाची वाट न बघता रोज काढत होते, आणि त्यांच्या चित्रांत मासे धरायची जाळी, मुंग्या, शेतं, सगळं आलं. शहरातल्या नावाजलेल्या चित्रकारांची चित्रं जिथे लागतात त्याच भिंतींवर त्यांना जागा मिळाली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आज वारली म्हटलं की आपल्याला कुर्ते आणि चहाचे कप आठवतात. पण ते एका माणसाच्या हातचं काम म्हणून, त्याच्या नावानिशी बघायचं, हे लोकांना आधी एका लहान खोलीने दाखवलं. चित्रकार अतुल डोडियाही असेच, घाटकोपरचे. त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९८९ मध्ये केमोल्डमध्येच झालं. २००७ मध्ये ही गॅलरी फोर्टमध्ये क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेली, प्रेस्कॉट रोडला. आता जागा ऐसपैस आहे.

आत जाऊन करायचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी मुलांना सांगते, "याचा अर्थ काय?" हे शेवटी विचारा. आधी विचारा, हे केलं कसं? हात कुठून कुठे गेला असेल? मग जवळ जा, हात मात्र लावू नका. मोबाइलच्या पडद्यावर कॅनव्हासची कड दिसत नाही, रंगाचा थर किती जाड आहे ते कळत नाही, कोळशाची भुकटी खाली कशी सांडली आहे ते दिसत नाही. आमची ग्रेड परीक्षेची मुलं स्थिरचित्र छान काढतात, पण चित्र म्हणजे ड्रॉइंग शीटवर स्वच्छ रंगवलेलं काहीतरी, एवढंच त्यांना माहीत असतं. गंजलेला पत्रा, दोरा, जुन्या फायली यांचंही काम होऊ शकतं हे कळल्यावर मुलं घरातल्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. हे मी वर्गात कितीही सांगितलं तरी होत नाही.

एका वर्षी मुलांसोबत एक आई आल्या होत्या. त्या घरी साड्यांना फॉल-पिको करून देतात. भिंतीवर कापडाचं मोठं काम टांगलं होतं, दोन्ही बाजूंनी बघता येईल असं. आम्ही सगळे पुढून बघत होतो, त्या मागच्या बाजूला गेल्या आणि तिथेच थांबल्या. दोन ठिकाणी टाका मशीनचा आहे, बाकी सगळा हाताचा, आणि मध्येच दोरा बदललाय, कारण पहिला संपला असणार, असं त्या टेबलापाशी बसलेल्या मुलीला सांगत होत्या. तिने वही काढून ते लिहून घेतलं, चित्रकाराला सांगते म्हणाली. घरून निघताना याच बाई मला म्हणाल्या होत्या, "मला त्यातलं काय कळणार?"

म्हणून सांगते, घाबरू नका. एखादं प्रदर्शन आवडणार नाही. काही ठिकाणी भिंतीवरचा मजकूर इतका अवघड असतो की वाचून दमायला होतं. तो सोडून द्या आणि कामाकडे बघा. पाच मिनिटांत बाहेर आलात तरी चालतं. कुलाब्यात कमल मॅन्शनमध्ये चॅटर्जी अँड लाल आहे, जुन्या छापखान्याच्या जागेत प्रोजेक्ट ८८ आहे. पुण्यात नातेवाईक असतील तर शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन बघा, तिथे मराठीत गप्पा होतात. आणि एवढ्या सगळ्या एका दिवसात बघू नका. दोन पुरतात.

रविवारी बऱ्याच गॅलऱ्या बंद असतात, आणि एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावेपर्यंत मधले काही दिवसही. निघण्याआधी फोन करून विचारावं. शनिवार सगळ्यांत सोयीचा. येत्या शनिवारी सकाळचा वर्ग संपला की मी निघणार आहे, सीएसएमटी फास्टने. ज्यांना यायचंय त्यांनी वर्गानंतर दारात थांबा. मुलांना डबा द्या आणि एक साधी वही-पेन्सिल द्या, रंग नकोत.