नानी, दादी आणि आमची आजी

आठवीतल्या मुलांसाठी असलेल्या एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) या शिष्यवृत्ती परीक्षेत बौद्धिक क्षमतेच्या पेपरला ९० मिनिटांत ९० प्रश्न सोडवावे लागतात आणि त्यांत शब्दांच्या जोड्यांचेही प्रश्न येतात, ज्यांना हिंदीत ‘सादृश्यता’ आणि मराठीत ‘समसंबंध’ म्हणतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. इंदूरच्या लोकमान्य नगरात माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात सहा मुले या तयारीसाठी येऊ लागली. सगळी सरकारी शाळेतली, घरी मराठी बोलणारी आणि शाळेत हिंदीतून शिकणारी. समसंबंधाचा हा भाग आठवड्यात उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात दोन महिने गेले.

पहिली अडचण खुणेचीच निघाली. ‘नानी : माँ :: दादी : ?’ असे फळ्यावर लिहिले, तेव्हा एकाने ते ‘नानीः’ असे विसर्गासह वाचले, आणि त्याचे काही चुकले असे मला म्हणवेना, कारण देवनागरीत ती दोन टिंबे तशीच दिसतात. तेव्हापासून आम्ही दोन टिंबांच्या जागी ‘चे नाते जसे’ आणि चार टिंबांच्या जागी ‘तसेच’ असे मोठ्याने वाचू लागलो.

मुले उत्तर शोधत नव्हती, ओळखीचा शब्द उचलत होती. म्हणून मी नियम केला की आधी पहिल्या जोडीचे वाक्य करायचे, मग तेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावून पाहायचे. ‘मासा : पाणी :: पक्षी : ?’ या मीच रचलेल्या प्रश्नाला आकाश, घरटे, पंख आणि दाणे असे पर्याय होते. ‘मासा पाण्यात राहतो’ असे वाक्य करून एका मुलीने ‘घरटे’ निवडले. मी ‘आकाश’ म्हणाले, तर ती म्हणाली, “काकू, पण पक्षी राहतो घरट्यातच ना?” तिच्या वाक्यात काही खोट नव्हती, सैल होता तो माझा प्रश्न. त्या संध्याकाळी आम्ही केवळ वाक्ये घट्ट करत बसलो, आणि ‘मासा पाण्यातून फिरतो’ एवढा बदल होताच घरटे आपोआप गळाले. शब्दांची दिशा मात्र फार वेळ न घेता जमली: ‘सुतार : करवत’ असेल तर पुढे ‘न्हावी : वस्तरा’ येते, ‘वस्तरा : न्हावी’ नव्हे, हे दोन-तीन उदाहरणांत सर्वांना कळले.

उषा गोस्वामी आणि अ‍ॅन ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चॉकलेट आणि वितळलेले चॉकलेट, बर्फाचा माणूस आणि वितळलेला बर्फाचा माणूस अशी चित्रे वापरली होती, आणि ओळखीचे नाते असेल तर लहान मुलेही असे प्रश्न सोडवतात असे त्यांना दिसले. त्याच धर्तीवर मी पोहे आणि त्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्यापासून सुरुवात केली होती. पण माझ्या मुलांची खरी अडचण नाते अनोळखी असण्याची नव्हती, ते नाते भाषा बदलताना हरवत होते. ‘नानी : माँ :: दादी : ?’ चे उत्तर ‘पिता’ आहे, आणि घरी या प्रश्नाचे मनातल्या मनात मराठी केले की ‘आजी : आई :: आजी : ?’ एवढेच उरते. दोन्हीकडच्या आज्यांना आपण एकच शब्द वापरतो, त्यामुळे प्रश्नाचा प्राणच जातो. मी तेव्हा ठरवले की हिंदी प्रश्नाचे वाक्यही हिंदीतच करायचे. समजावणे मराठीत चालेल.

त्याचबरोबर दोन्ही भाषांत सारखे दिसणारे पण वेगळ्या अर्थाचे शब्द आम्ही पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगले: राग, खून, चेष्टा, यात्रा, संसार. मराठीत खून होतो आणि हिंदीत तो नसांतून वाहतो, हे मुलांना फार आवडले व पुठ्ठ्यावर रोज एखादा शब्द वाढू लागला. त्यात ‘शिक्षा’ लिहायचे मात्र राहून गेले.

सराव परीक्षेत मी उत्तराखाली वाक्यही लिहायला सांगितले. ‘शिक्षा : शिक्षक :: चिकित्सा : ?’ या प्रश्नाला सहाही जणांचे उत्तर ‘चिकित्सक’ असे होते, अगदी बरोबर. फक्त घरट्याबद्दल वाद घातलेल्या मुलीने खाली मराठीत लिहिले होते: “शिक्षक शिक्षा करतात, म्हणजे उठाबशा काढायला लावतात.” नियम मीच केला होता, त्यामुळे उत्तरावर बरोबरची खूण केली, वाक्यावर काट मारली आणि उठून पुठ्ठ्यावर तो राहिलेला शब्द लिहायला गेले, तर तिथे आधीच अकरा शब्द झालेले होते.