पंधरा किलोत मसाई मारा: बॅग भरतानाचा माझा अनुभव

बॅग भरण्याआधी वजनकाटा काढला. केनियाची राजधानी नैरोबी इथल्या विल्सन विमानतळावरून मसाई मारा अभयारण्यात सफारीला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी साधारण 15 किलोच सामान नेता येतं, आणि खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅगही त्यातच मोजतात. शिवाय बॅग मऊ लागते. सेस्ना कॅरॅव्हॅनसारख्या विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात सामान दाबून बसवतात. तिथे चाकांची कडक सुटकेस अडते. मोठी सुटकेस मी नैरोबीच्या हॉटेलात ठेवली, कारण परतीचा मुक्काम तिथेच होता, आणि पुढे फक्त कापडी डफल नेली.

आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून चाललात तर पहिल्याच पहाटे कुडकुडाल. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 मीटर आणि त्याहून उंचावर आहे. ऑगस्टमध्ये सकाळी सहाला उघड्या जीपमध्ये 10-12 अंशांचा वारा लागतो आणि दुपारी घाम येतो. म्हणून एक जाड जॅकेट न घेता थर घेतले: सुती टी-शर्ट, त्यावर फ्लीस, वर विंडचीटर, शिवाय कानटोपी. चार रात्रींसाठी पूर्ण बाह्यांचे तीन शर्ट आणि दोन पँट पुरल्या. बऱ्याच कॅम्पांत कपडे धुऊन मिळतात, पण अंतर्वस्त्रं सहसा घेत नाहीत. ती पुरेशी न्यायची. जॅकेट आणि बूट विमानात अंगावरच ठेवायचे, तेवढंच वजन वाचतं.

रंग खाकी, करडा किंवा मातकट. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से ही आफ्रिकेतली रक्त शोषणारी माशी ओढली जाते. पातळ कापडातूनही चावते आणि डासांच्या मलमाला फारशी जुमानत नाही. पांढरा शर्ट तासाभरात धुळीने लाल होतो. लष्करी छापाचे कपडे नकोतच.

आपल्याकडे सगळं कॅरीबॅगमध्ये गुंडाळायची सवय असते. केनियात त्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानं व अभयारण्यांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही 2020 पासून चालत नाहीत. मी कपड्यांना उशीचे जुने अभ्रे वापरले आणि स्टीलची बाटली घेतली. चिवडा डब्यात नेला, पण तंबूत ठेवला नाही. माकडं चेन उघडतात, हे कॅम्पवाले सांगतात ते खरं समजा.

दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र हवी. सिंह दिसल्यावर कुणी आपली देत नाही! 8×42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरते; त्याहून जास्त पट दाखवणारी जीपमध्ये हातात हलते. ट्रायपॉडला गाडीत जागाच नसते, म्हणून बीनबॅगचं, म्हणजे कॅमेरा टेकवायच्या उशीचं, रिकामं कव्हर नेलं आणि तिथे तांदूळ भरून घेतले. धुळीत लेन्स बदलली की सेन्सरवर डाग आलेच, त्यामुळे लांबची लेन्स कॅमेऱ्यावर कायम ठेवली आणि जवळच्या फोटोंसाठी फोन. गाडी चालताना कॅमेऱ्यावर ओढणी टाकायची. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो. व्होल्टेज आपल्यासारखंच असल्याने अडॅप्टर पुरे, कन्व्हर्टर नको. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

कागदांत मी सर्वांत आधी पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचं पाहिलं. ती प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर केनियाहून परतताना भारतीय विमानतळावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवलं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घेतल्या. त्या परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवाव्या लागतात, तेव्हा पट्ट्या मोजून घ्या.

शेवटी काट्यावर आलं ते असं: रिकामी डफल 1.1, कॅमेरा-लेन्स-चार्जर 3.8, दुर्बीण 0.7, कपडे 4.2, औषधं आणि साबण-मलम 1.3. एकूण 11.1 किलो. उरलेल्या जागेत येताना मण्यांच्या माळा आणि दोन मसाई शाली आल्या.