पायरीवरची आजी

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिही म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात आपल्या मराठीच्या बाई होत्या, पण आपल्या १९८७ च्या बॅचच्या ग्रुपवर नुसतं टाकलं की काय लिहू, तर पहिल्या चार जणांनी एकच उत्तर दिलं, अरे तुझ्या आजीवर लिही ना, ती पायरीवर बसायची ती. चाळीस वर्षं झाली, वर्गातल्या निम्म्या लोकांना माझं आडनाव आठवत नाही पण माझी आजी आठवते. मग म्हटलं तिच्यावरच लिहायचं, आणि जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही तेही लिहायचं.

आजी राहुरीची. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या वेळेपासूनचे. हे मिशनवाले १८१३ ला मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला काम सुरू केलं, आमच्या घरात नेमकं कोण पहिल्यांदा ख्रिस्ती झालं ते आजीला माहीत होतं, मला नाही, विचारायचं राहून गेलं. मिशनच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती आणि तेवढ्या शिक्षणावर आयुष्यभर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं, बोट ठेवून, ओठ हलवत. चर्चला ती देऊळ म्हणायची, आमच्याकडची सगळी जुनी माणसं म्हणायची. देवळाची घंटा व्हायच्या आधी जाऊन सतरंज्या झटकून घालायच्या हे तिचं काम, ते तिला कुणी दिलेलं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात ती दिवसभर खडी फोडायला जायची, घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, पण रविवारच्या सतरंज्या चुकल्या नाहीत असं वडील सांगायचे.

आणि तिची मूठ. स्वयंपाकाला बसली की पिठातली नाहीतर तांदळातली एक मूठ आधी बाजूच्या डबड्यात टाकायची, ती देवाची. रविवारी फडक्यात बांधून देवळात न्यायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला हे आपल्या बॅचला सांगायची गरज नाही. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात माझे वडील, साचेखात्यातले, म्हणजे विणकामाच्या खात्यातले. भायखळ्याच्या चाळीत तेव्हा कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि वास येईनासे झाले होते. आई चार घरची कामं धरून बाहेर पडली आणि उन्हाळ्यात आजी एसटीने आली, बरोबर अर्धं पोतं बाजरी आणि वळकटी. म्हणाली संप मिटेपर्यंत राहते. संप मिटलाच नाही, ती दोन वर्षं राहिली.

मुंबईत येऊनही मूठ चालूच. त्यावरून आईचं आणि तिचं एकदाच जोरात वाजलं, आई म्हणाली आत्या, घरात लेकरं अर्धपोटी झोपतात आणि तुम्ही देवाला कसलं वाढता. आजी शांतपणे म्हणाली, "माझ्या ताटातली काढते गं बाई, लेकरांच्या नाही." मला तेव्हा वाटलं उगाच बोलते आहे. पुढे मोठा झाल्यावर लक्षात आलं की ती खरंच रात्री अर्धीच भाकरी खायची. भायखळ्याच्या देवळात दानाच्या ताटात नाणी पडायची, हिचं फडकं ताटात मावायचं नाही, मग पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तिच्यासाठी एक पत्र्याचा डबा मागे ठेवून दिला. त्यातलं धान्य कुठल्या घरी जायचं ते कुणी बोलायचं नाही, पण संपवाल्यांची घरं देवळाच्या मंडळीत बरीच होती.

आई कामावर म्हणून दुपारचा डबा आजी शाळेत आणायची. बाजरीची भाकरी, ठेचा, कधी कांदा. डबा देऊन ती परत जायची नाही, मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर शास्त्र मांडीवर घेऊन बसायची, मी जेवेपर्यंत. मग कुणीतरी विचारलं आजी काय वाचता, आणि तिने योसेफाची गोष्ट सुरू केली. ती नुसती गोष्ट सांगायची नाही, कीर्तन करायची, मध्येच गायची, मध्येच टाळी, भावांचे आवाज वेगवेगळे काढायची. पहिल्या दिवशी भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलं आणि घंटा झाली. तो शनिवार होता. सोमवारी पायरीवर बसायला जागा नव्हती, सगळ्या जातीधर्माची पोरं, आणि आपल्या बाई पण जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या. पुढे रूथ झाली, दावीद झाला. कुणी डबा आणला नसेल तर ती काही न विचारता माझ्या भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवायची, याचा मला रागही यायचा.

एका सुट्टीत मी तिला बसने कुलाब्याचं अफगाण चर्च दाखवायला नेलं होतं. १८५८ सालचं, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या आठवणीत बांधलेलं, आत भिंतीवर त्यांची नावं कोरलेली आहेत. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणाली वाच. मी अडखळत वाचत गेलो आणि ती प्रत्येक नावाला मान हलवत राहिली, जसं काही कुणी ओळख करून देतंय. बाहेर आल्यावर म्हणाली, "नाव लिहून ठेवलं की माणूस इसरत नाही रं. यांच्या आया कुठल्या कुठं राहिल्या आसतील."

आता जे सांगायचं ते सांगतो. सातवीत असताना वरच्या वर्गातला एक मुलगा जिन्यात मोठ्याने म्हणाला, बाटग्याची आजी आली बघा. दोघंतिघं हसले. मी काही बोललो नाही. पण त्या रात्री आजीला म्हटलं, उद्यापासून शाळेत येऊ नको. का ते सांगितलं नाही, म्हटलं मोठी मुलं आहोत आम्ही आता. तिने माझ्याकडे बघितलं आणि "बरं लेकरा" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती डबा फाटकावर शिपाईमामांकडे द्यायची आणि लगेच निघून जायची. दाविदाची गल्याथाशी लढाईची गोष्ट अर्धी राहिली होती. तुमच्यापैकी कितीतरी जण विचारायचे आजी का येत नाही, मी सांगायचो तिचे पाय दुखतात. खोटं होतं ते. आज इथे लिहून टाकतो.

१९८४ च्या मे महिन्यात ती राहुरीला परत गेली. मी नंतर सुट्टीत जायचो, ती कधी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, उलट दरवेळी विचारायची की पायरीवरची पोरं कशी आहेत. १९९७ ला गेली, रविवारी सकाळी, सतरंज्या घालून झाल्यावर देवळातच बसल्या बसल्या. मातीला आख्खं गाव होतं.

तिचं शास्त्र माझ्याकडे आलं. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो तिथे मध्ये दोन कोरी पानं असतात, त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात ओळी लिहिलेल्या सापडल्या, एकतीस. ती रोज पहाटे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती यादी. तुमची नावं तिला माहीत नव्हती म्हणून ओळखीची खूण लिहिली होती. चष्म्याचा पोरगा, बापाची गिरणी बंद. डबा नसतो तो. पायाने अधू मुलगी, जिना चढताना धर देवा. लई हसतो तो. गणिताला भितो तो. आणि खालून तिसरी ओळ, मोठा पोरगा, नाव ठेवणारा, आई दवाखान्यात आहे.

म्हणजे तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. आणि त्याची आई आजारी आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिने कुठून काढलं देव जाणे.

चष्म्याचा आपल्या वर्गात एकच होता, मी त्याला त्या ओळीचा फोटो पाठवला. दोन दिवस त्याचं उत्तर आलं नाही, मग फोन आला आणि आम्ही दोघंही बराच वेळ बोलू शकलो नाही. बाकीच्या सगळ्या ओळी कुणाच्या ते मला लागत नाही, पण ज्याची त्याला लागेल. मी अजून भायखळ्यालाच राहतो, महोत्सवाच्या दिवशी शास्त्र शाळेत घेऊन येणार आहे, मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसेन, नाही जमलं तर घरी या. फक्त फार उशीर करू नका, पेन्सिल पुसत चालली आहे.