माल तोच, पेटी वेगळी

जळगाव-धुळ्याकडून कॅन्सरवरच्या 'नॅनो सुई'चा प्रश्न सारखा येतो. कोणी मोबाइलवर आलेली बातमी पुढे करतं, कोणी सरळ अहिराणीत विचारतं, "ती नॅनोनी सुई गुन देस का?" त्यात जळगावच्या सराफ बाजाराचं नाव मोठं, म्हणून जोडप्रश्न ठरलेला असतो: अंगात सोन्याचे कण सोडून कॅन्सरची गाठ जाळतात म्हणे, खरं का?

सोन्याचं आधी उरकू. सोनं फार बारीक झालं की पिवळं राहत नाही, पाण्यात माणकासारखं लाल दिसतं. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेनं 1857 साली ते दाखवलं. मेडिकलमधून आणलेल्या गर्भचाचणीच्या पट्टीवर लालसर रेघ उमटते ना, ती बऱ्याच पट्ट्यांमध्ये याच सोन्याची असते. गाठ जाळण्याचा प्रयोगही खोटा नाही. सिलिकाच्या कणावर सोन्याचा थर चढवायचा, असे सुमारे 150 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण शिरेतून द्यायचे आणि पुरुषांतल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या गाठीवर लेसर टाकून ते तापवायचे. थोड्या रुग्णांवर केलेल्या या चाचणीचे निकाल 2019 मध्ये छापून आले. पण चाचणी म्हणजे दुकानात मिळणारं औषध नव्हे. कोणी कॅन्सरवर सोन्याची नॅनो पुडी देऊ करत असेल तर त्या पैशांची अंगठी करावी. अडीनडीला मोडता तरी येईल.

डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात ती 'नॅनो सुई' वेगळी. तिच्यात नवं औषध नसतं. जुनीच किमो, फक्त वेगळ्या पेटीत भरलेली. पेटीचा आकार साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळपास हजारावा भाग. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, फटी राहिलेल्या असतात. त्या फटींतून पेटी आत झिरपावी, हा हिशेब. पण तो कागदावर दिसतो तितका जमत नाही. प्राण्यांवरच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा ताळा 2016 मध्ये मांडला गेला, तेव्हा गाठीपर्यंत पोचणाऱ्या मालाचा मधला आकडा निघाला 0.7 टक्के. हजारात सात. बाकीचे बरेचसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच पकडतात.

मग फायदा कसला? पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाचं उदाहरण बघा. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून साध्या सुईत ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलात विरघळवलेलं असतं. अंगावर रिअ‍ॅक्शन येते ती बरेचदा त्या द्रावकाची, आणि ती टाळायला आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. शुगरच्या पेशंटला हे स्टेरॉइड चांगलंच महागात पडतं. नॅनोच्या सुईत औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाला बांधलेलं असतं, कण सुमारे 130 नॅनोमीटरचे. द्रावक गेलं, स्टेरॉइडची सक्ती गेली, तीन तासांचं सलाईन अर्ध्या तासावर आलं.

डोस मात्र अदलाबदलीचा नाही. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरला दर तीन आठवड्यांनी साधी सुई दर चौरस मीटरला 175 मिलिग्रॅम, नॅनोची 260. अंगाचं क्षेत्रफळ 1.5 चौरस मीटर असेल तर 390 मिलिग्रॅम, म्हणजे 100 च्या चार बाटल्या. प्रत्येक बाटलीत 20 मिलि सलाईन निदान एक मिनिट घेऊन, काचेच्या कडेनं सोडायचं. मग पाच मिनिटं नुसती ठेवायची, नंतर दोन मिनिटं हलक्या हातानं फिरवायची. ताकासारखी घुसळली की फेस येतो. आलाच तर तो बसेपर्यंत पंधरा मिनिटं थांबायचं.

ज्या चाचणीवर ही सुई उभी राहिली तिच्यात गाठ लहान होण्याचं प्रमाण 33 टक्के होतं, साध्या सुईवर 19. त्याच चाचणीत हातापायांच्या नसांचा तीव्र त्रास 10 टक्क्यांना झाला, साध्या सुईवर 2. हा दुसरा आकडा कोणी सांगत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला तोच पहिल्यांदा सांगायला हवा. बोंड चिमटीत धरवत नाही, ब्लाउजची हुकं लागत नाहीत, इतकं बधिर व्हायच्या आत डॉक्टरांच्या कानावर घाला. डोस कमी करता येतो. आणि केस? ते हिच्यातही जातात.

दुसरी पेटी लाल रंगाची. डॉक्सोरुबिसिन हे किमोचं औषध चरबीच्या फुग्यात भरलेलं, अमेरिकेत 1995 मध्ये मंजूर झालेलं. हृदयाला होणारा त्रास हिच्यात कमी. ती 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायची, साध्या सलाईनमध्ये नाही. शुगरवाले ती बाटली बघून दचकतात. 250 मिलित साडेबारा ग्रॅम साखर असते. शुगर आहे हे नर्सला सांगा, सुई नाकारू नका. सुरुवात मिनिटाला 1 मिलिग्रॅम या गतीनं. पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल झाला, पाठ भरून आली किंवा दम लागला तर लगेच हाक मारा. सलाईन थांबवून पुढे हळू सोडतात.

हिचा खरा त्रास तळहात-तळपायांना. हे फुगे घामावाटे आणि दाब पडणाऱ्या जागी कातडीत उतरतात. लाली, आग, मग साल निघते. सुईनंतर आठवडाभर गरम पाण्याची भांडी, घट्ट चप्पल, कपडे पिळणं बंद. कळण्याची भाकरी थापायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. ताव आणि थापटणं, दोन्ही एकदम बसतं.

निदानाचं थोडक्यात. लोखंडाच्या चुंबकी नॅनोकणांनी 7.5 मिलि रक्तातून कॅन्सरच्या भटक्या पेशी ओढून मोजणारी चाचणी अमेरिकेत 2004 पासून आहे. ती आजार पसरलेल्यांचा पुढचा अंदाज बांधण्यासाठी. धडधाकट माणसानं 'कॅन्सर नाही ना' हे बघायला ती करू नये. गाठ हाताला लागत असेल तर बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं.

राहिली ने-आण. लाल सुई 2 ते 8 अंशांत ठेवायची, आणि भुसावळचा मे महिना 45 च्या घरात. म्हणून लोक तिला बर्फात पुरतात. ते उन्हाइतकंच वाईट, कारण गोठलं की फुगा फुटू शकतो. थर्मोकोलच्या पेटीत जेलचे पॅक, वर जाड टॉवेलची घडी, त्यावर खोक्यासकट बाटली. एसटीत पेटी मांडीवर घ्या. मोटारसायकलच्या डिक्कीत नाही.