डावखुरी बुझुकी: गणगण थांबली!

थांबली एकदाची. परवा रात्री साडेदहाला माझ्या बुझुकीच्या (लांब मानेचं, जोडतारांचं वाद्य) खर्जातल्या जी (G) स्वराच्या दोन्ही तारा मोकळ्या छेडल्या आणि नुसता गोल, भरीव स्वर आला. खोलीत एकटाच होतो, तरी मोठ्यांदा ‘वा!’ म्हणालो.

मागच्या नोंदीत बुझुकी डाव्या हाताची करायला घेतल्याचं लिहिलं होतं. आयरिश वादक डोनल लनी डावखुरा, मीही डावखुरा, तेव्हा हे कधीतरी होणारच होतं. त्याच वेळी खालच्या दोन जोड्यांतल्या बारीक, सप्तक वरच्या तारा काढून जाड तारांच्या जुळ्या (एकाच स्वराच्या) जोड्या चढवल्या. गायक-वादक अँडी आयर्विननं दिलेल्या ग्रीक बुझुकीवर लनीनं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच केलं होतं. ग्रीक पद्धतीत जाड तारेशेजारची बारीक तार चमक आणते. लनीला खर्जात भरणा हवा होता. पुढे त्यानं इंग्लंडच्या वाद्यकारागीर पीटर ॲबनेटकडून भोपळ्यासारख्या गोल पाठीऐवजी तीन तुकड्यांच्या पाठीची बुझुकी करून घेतली. आज आपण जिला आयरिश बुझुकी म्हणतो तिचं घराणं तिथून सुरू होतं.

तर गणगण. मोकळी तार वाजवली की सतारीसारखी झणझण, पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं की स्वर स्वच्छ. म्हणजे दोष नटमध्ये (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी), एवढं पहिल्याच दिवशी कळलं. डाव्या हातासाठी नट नवा केलाच होता, त्यामुळे खाच खोल गेली असणार असं धरून चाललो. खाली कागदाची पट्टी घातली, गणगण तशीच. दोन पट्ट्या घातल्या, तार बोटाला कडक लागायला लागली आणि गणगण तरीही तशीच. मग पडदे तपासले, मानेचा बाक तपासला, घोडी दोन मिलिमीटर मागे-पुढे करून पाहिली. त्यात ऑनलाइन मागवलेल्या तारांच्या टोकाला गोळीऐवजी फास निघाला, तो आठवडा त्यातच गेला. (तारा मागवताना टोक कसलं आहे ते विचारूनच पैसे भरा. चित्रावर विसंबू नका.) तीन आठवडे झाले, वाद्य खुंटीला टांगून ठेवावं असं वाटायला लागलं होतं.

शेवटी मिरजेला गेलो. तंबोऱ्यांच्या एका कारागिरांनी बुझुकी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली, एकदा छेडली, नट डोळ्यासमोर आडवा धरला आणि म्हणाले, “अहो, अटीवर जवारी लावलीय तुम्ही. आम्ही जी मुद्दाम घोडीवर काढतो, ती तुमच्या इथं आपोआप झालीय.”

अगदी खरं होतं. (अटी म्हणजे आपला नट, जवारी म्हणजे तंबोऱ्यात मुद्दाम काढलेली झणझण.) माझ्या खाचेचा तळ सपाट होता, उलट पुढच्या कडेला किंचित उतरलेला. तार एका बिंदूवरून सुटण्याऐवजी दोन-तीन मिलिमीटर हाडाला घासत होती. तंबोऱ्यात तेच सौंदर्य, बुझुकीत तोच दोष. त्यांनी उंटाच्या हाडाचे दोन तुकडे दिले, पैसे घ्यायला तयारच नव्हते.

घरी येऊन नवा नट घासला. जीची तार ०.०४२ इंच, म्हणजे मिलिमीटरहून थोडी जास्त. खाच कानशीनं पाडली, मग जुन्या तारेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर गुंडाळून तोच खाचेतून ओढला, प्रत्येक ओढ खुंट्यांकडे उतरती. पडद्यांकडची कड धारदार राहिली पाहिजे, सगळं इंगित तिथे आहे. जोडीतल्या दोन तारांत सव्वादोन मिलिमीटर अंतर ठेवलं. त्याहून कमी असतं तर जोरात छेडल्यावर एकमेकींवर आपटल्या असत्या.

तारा जी-डी-ए-डी अशा लावून १९७३ची प्लँक्स्टी या लनीच्या आयरिश बँडची पहिली रेकॉर्ड सुरू केली. क्रिस्टी मूर आणि लनी न्यूब्रिजचे, शाळेपासूनचे मित्र. त्यात आयर्विन आणि पाइप्सवर (आयरिश बॅगपाइप) लियम ओफ्लिन. इतकी वर्षं ऐकतोय, पण लनीची खालची जोडी पाइप्सच्या खाली जमीन अंथरते हे हातात तशाच तारा आल्यावर कळलं. आणि तो थांबतो किती! बॉथी बँड या त्याच्या दुसऱ्या बँडमध्ये रील (नाचाची जलद धून) सुसाट सुटलेली असतानाही तो मध्येच हात काढून घेतो आणि ताल आणखी उसळतो.

यानंतर मूव्हिंग हार्ट्सकडे वळायचं ठरलं होतं. लनीचाच १९८१चा बँड, पाइप्सच्या जोडीला सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटार. ते आता लांबणीवर. काल १९७६ची आयर्विन आणि पॉल ब्रेडीची रेकॉर्ड लावली, तिचा निर्माता लनीच. दोघांच्याही हातात तारांची वाद्यं, तरी कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. माझ्या मते लनी निर्माता म्हणून इतका मोठा आहे तो याच कानामुळे: कोणत्या वाद्यानं कोणत्या पट्टीत गप्प बसायचं हे त्यानं आधी साथीत शोधलं आणि मग निर्मात्याच्या खुर्चीत बसून इतरांसाठी वापरलं. इंग्लिश गायिका केट बुशनं १९८२च्या रेकॉर्डसाठी त्याला बोलावलं तेही बुझुकीसाठीच.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: हाडाचा दुसरा तुकडा शिल्लक आहे. त्याचा सप्तकाच्या जोड्यांसाठी नट करतो. एकच जिग (नाचाची धून), एकच माइक, आधी जुळ्या तारा आणि मग सप्तकाच्या, मागे बासरीचा एकच ट्रॅक. लनीनं ती बारीक तार का काढली ते शेजारी शेजारी ऐकायचंय. तुकडा शिकंज्यात लावलाय, आठ खुणा मारून झाल्यात. उद्या कानस.