काकूंचं देवघर कुठे हलवायचं?

परवा सकाळी मुलुंडच्या घरी बाबांच्या गाडीचे कागद शोधत बसले होते, तेवढ्यात लंडनच्या हॅरोहून काकूंचा फोन. तिकडे पहाटेचे साडेचार. पोटात धस्स झालं.

"काकांना काही...?"

"त्यांना काय धाड भरलीय? ढाराढूर झोपलेत. झोप उडालीय ती माझी. काल कंपनीचा तो मुलगा घर मोजून गेला. म्हणतो, टाकी देवघरात येणार."

काका-काकू नात्याने आमचे कोणी नाहीत, पण आम्ही राहतो त्या लंडनमध्ये हक्काने जेवायला जावं असं घर तेच. सत्तरच्या दशकात गिरगावातून गेलेले. काका ८२, काकू ७९. घर आणि पाणी तापवणारा त्यांचा गॅस बॉयलर १७ वर्षांचा झाला, सुटे भाग मिळेनात, आणि मँचेस्टरला राहणारा त्यांचा मुलगा म्हणतो, आता गॅस नको, हीट पंप घ्या. हीट पंप म्हणजे उलटा एसी. बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. खोकंसुद्धा एसीच्या बाहेरच्या खोक्यासारखंच, फक्त आडवंतिडवं मोठं. पण त्याला गरम पाण्याची वेगळी टाकी लागते. काकूंकडे पूर्वी अशी टाकी होती, जिन्यावरच्या कपाटात. लागेल तसं पाणी तापवणारा कॉम्बी बॉयलर आला तेव्हा टाकी गेली आणि रिकाम्या कपाटात काकूंनी देव मांडले. गिरगावातून नेलेला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पितळेची समई, दाराला आतून कालनिर्णय. मोजणीवाल्या मुलाने म्हणे बूट काढले, वाकून टेप लावली आणि अगदी नम्रपणे विचारलं, हे सामान दुसरीकडे ठेवता येईल ना?

काकू "सामान" या शब्दावर अडून बसल्यात.

काकांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना सरकारचा कुठलाही कागद आला की गाडी आठवते. तो किस्सा आधी सांगायला हवा, कारण त्यात मीही आहे.

काकांनी २०१२ साली डिझेल गाडी घेतली. हौस म्हणून नाही. तिकडे २००१ पासून रोड टॅक्स कार्बन डायऑक्साइडवर लावायला लागले. डिझेल गाडी तो कमी सोडते, म्हणून तिला कर नाममात्र. 'डिझेल घ्या, पृथ्वी वाचवा' असाच तो काळ. मग लक्षात आलं की डिझेलचा नायट्रोजन डायऑक्साइड आणि बारीक कण माणसांच्या छातीत जातात. २०१९ साली मध्य लंडनमध्ये 'युलेझ', म्हणजे कमी धुराच्या गाड्यांची हद्द, आलं: नियमात न बसणाऱ्या गाडीने फिरायचं तर दिवसाला साडेबारा पौंड, म्हणजे जवळपास दीड हजार रुपये. ऑक्टोबर २०२१ मध्ये हद्द नॉर्थ सर्क्युलर रस्त्यापर्यंत आली. महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला, त्या रस्त्याच्या आत. म्हणजे गणपतीच्या आरतीला गेलं तरी साडेबारा पौंड! आणि २९ ऑगस्ट २०२३ ला हद्द सगळ्या लंडनभर पसरली. हॅरोसह पाच कौन्सिलं त्याविरुद्ध हायकोर्टात गेली आणि हरली. आता काका नुसते गल्लीबाहेर पडले तरी कॅमेरा टिपायचा. काकूंना आठवड्यातून दोनदा फिजिओला न्यायचं, म्हणजे वर्षाला १३०० पौंड. पैसे प्रवासानंतर तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरायचे. काका फ्रिजवर चिठ्ठी लावायचे, "मंगळवार भरले", "शुक्रवार बाकी". एक शुक्रवार बाकीच राहिला. १८० पौंड दंड, चौदा दिवसांत भरला तर ९०. त्या पत्राची घडी काकांनी अजून पाकिटात ठेवलीय, आलेल्या-गेलेल्याला दाखवायला.

शेवटी गाडी भंगारात दिली. त्यासाठीचे २००० पौंड आधी फक्त सरकारी भत्त्यावरच्या वगैरे लोकांना मिळत होते. सगळ्यांना मिळणार हे ठरलं, ते हद्द वाढायच्या जेमतेम आठ दिवस आधी अमलात आलं. त्यात थोडी भर घालून काकांनी काय घ्यावं? २००८ ची पेट्रोल गाडी. डिझेलपेक्षा चार वर्षं जुनी, आणि नियमानुसार स्वच्छ. काका म्हणाले, "म्हातारपणी निदान गाडी तरी माझ्याहून जास्त थकलेली मिळाली."

तेव्हा मी त्यांच्याशी तावातावाने वाद घातला होता. लंडनच्याच लुईशममधली नऊ वर्षांची एला किसी-डेब्रा २०१३ साली दम्याने गेली आणि २०२० मध्ये कोरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं, हे मी त्यांना ऐकवलं. काका गप्प झाले. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. फक्त एवढंच की आमची गाडी पेट्रोलची, नियमात बसणारी. माझ्या पर्यावरणप्रेमाला एक पेनीही पडली नव्हती.

आता हीट पंपाला सरकार साडेसात हजार पौंड देतं. तरी काकांच्या खिशातून साडेचार हजार जातील, कारण पाणी बॉयलरइतकं कढत होत नाही, म्हणून तीन खोल्यांतले रेडिएटर, गरम पाण्याने खोली तापवणारे ते भिंतीवरचे पत्रे, मोठे करायचे. पंप चालतो विजेवर, आणि वीज तिकडे युनिटमागे गॅसच्या साधारण चौपट महाग. पंप एका युनिटात तिप्पट उष्णता देतो हे खरं, पण गुणाकार करून बघा, बिल काही खाली येत नाही. "पैसे फिटायचे कधी? मी वर गेल्यावर?" हा काकांचा प्रश्न. मुलाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. त्यात थंडीत घर गरम ठेवायला मिळणारे २००-३०० पौंड सरकारने २०२४ मध्ये बहुतेक पेन्शनरांचे बंद केले आणि पुढच्या वर्षी उत्पन्नाची अट घालून परत सुरू केले. नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांची बंदी आधी २०३० ला, मग २०३५ ला, आता पुन्हा २०३०. काका म्हणतात, यांचं ठरू दे, मग मी बघतो.

(आमचा बॉयलर मागच्या जानेवारीत बंद पडला तेव्हा आम्ही दोन दिवसांत नवा गॅस बॉयलर बसवून घेतला. बाहेर उणे तीन, घरात तापाने फणफणलेलं पोर, आणि हीट पंपवाल्यांची तारीख सहा आठवड्यांनंतरची. कोणीही हेच केलं असतं. हे काकांना सांगितलेलं नाही.)

फोन ठेवला तर बाबा हॉलमध्ये एजंटशी बोलत होते. त्यांची वॅगन आर २०१० ची. पंधरा वर्षं झाली, आता पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची. पाच हजार रुपये फी, वर पर्यावरण कर, शिवाय गाडी तपासणीला न्यायची. गाडी जाते कुठे? आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे आणि दोघांना कालिदासला नाटकाला. हॅरोत जी मी काकांना "गाडी सोडा" म्हणाले, तीच मुलुंडमध्ये बाबांना म्हणाले, "पैसे मी भरते, गाडी ठेवा."

दुटप्पीपणा म्हणा. पण काकांच्या दारात बस येते, फुटपाथकडे कलते, म्हाताऱ्यांना पास फुकट. इथे एलबीएस रोडवर मेट्रो चारचे खांब किती वर्षं बघतोय, आणि आईने लोकल चढायची ती कशी? रिक्षावाला जवळचं भाडं म्हटल्यावर मान हलवतो. आणि हिशेबच करायचा तर बाबांनी उभ्या आयुष्यात खोली गरम केलेली नाही. डिसेंबरात माकडटोपी, फार तर गिझर दहा मिनिटं जास्त. शिवाय मुंबईच्या रिक्षा-टॅक्सी हायकोर्टाच्या आदेशांनंतर सीएनजीवर गेल्या, तेव्हा लंडनच्या काळ्या टॅक्सी बहुतेक सगळ्या डिझेलवर धूर सोडत होत्या. हे मी तिकडे पार्टीत हमखास ऐकवते.

बाबा मात्र माझ्या बाजूला येईनात. गॅलरीतून समोरचा टॉवर धुरकटलेला दिसत होता. "२०२५ च्या जानेवारीत कोर्टाने समिती नेमायला लावली ना, मुंबईत पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का बघायला? बरोबरच आहे. खोकला बघतेस ना आईचा?" मग थोड्या वेळाने, "पण पाच वर्षांचीच नोंदणी करतोय. तोवर मी त्र्याऐंशीचा होईन."

संध्याकाळी काकूंचा व्हॉट्सअॅप आला. कपाटाचा फोटो, आणि खाली: "एम.जी. रोडला भिंतीवरचा छोटा देव्हारा बघ. सागवानी. रुंदी १४ इंचांच्या वर नको, समई आत मावायला हवी. ह्यांचं अजून काही ठरलेलं नाही, त्यांना बोलू नकोस."

बाबांच्या टूलबॉक्समधली टेप घेऊन निघालेय. बॅगेत चौदा इंच बसतील, वजनाचं बघावं लागेल.